मार्लिस लाहतीचा शिक्का

ही सगळी भानगड माझ्या तोंडामुळे सुरू झाली. बायकोच्या मते माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच भानगडी तशाच सुरू होतात, पण ही जरा जास्तच लांबली.

आमच्या डुलुथच्या कर्लिंग क्लबची जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. छप्पर इतकं गळायचं की बर्फावर दगड सरकवताना वरून पडणाऱ्या थेंबांचाही अंदाज घ्यावा लागे. सहा महिने हिवाळा असलेल्या गावात माणसं बर्फावरून दगड सरकवतात आणि त्या दगडापुढे झाडू मारत पळतात, यात हसण्यासारखं काही नाही. दुसरं करणार काय? तर ऑक्टोबरात शहर समितीपुढे या नव्या इमारतीची सुनावणी होती. इमारतीचे नकाशे करणाऱ्या आमच्या ऑफिसातून आम्ही तिघं गेलो होतो. तिघंच होतो म्हणा. मालक हालवर टॉर्गर्सन, वय अठ्ठ्याहत्तर. नकाशे काढणारी मार्लिस लाहती. आणि मी, गॉर्डी. माझ्याकडे पत्रव्यवहार, कॉफी आणि बोलणं ही खाती होती.

सभागृह भरलेलं. मार्लिस टाचण्या तोंडात धरून फळ्यावर नकाशे लावत होती. मी माइक घेतला आणि ऐटीत म्हणालो, "आता आमच्या आर्किटेक्ट, मार्लिस लाहती, आपल्याला योजना समजावून सांगतील."

हालवरनी डोळे मिटले.

आमच्या धंद्यात हा शब्द असा वापरायचा नसतो. माणसाने तीस वर्षं इमारती काढल्या असोत, त्याच्या छपरांनी तीस हिवाळ्यांचा बर्फ पेललेला असो. सहा पेपर पास होऊन राज्य सरकारचा नंबर मिळेपर्यंत तो आर्किटेक्ट नाही. त्याला डिझायनर म्हणा, ड्राफ्ट्समन म्हणा, काहीही म्हणा. आणि मार्लिसने ते पेपर दिलेले नव्हते.

शेवटच्या रांगेतून टोपीवाले एक गृहस्थ उठले. "मला कुणाला अडचणीत आणायचं नाही," ते म्हणाले. आमच्याकडे या वाक्यानंतर अडचण येतेच. "पण या बाई नोंदणीकृत आर्किटेक्ट नाहीत."

अध्यक्षांनी मार्लिसकडे पाहिलं. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"बरोबर आहे त्यांचं. मी नाहीये. आणि हा गॉर्डी आहे. याचं काही मनावर घेत जाऊ नका."

लोक हसले. पण अध्यक्ष हसले नाहीत. "मग या नकाशांवर सही-शिक्का कुणाचा?"

हालवरनी हात वर केला. तो हात थरथरत होता, आणि हे सगळ्या सभागृहाला दिसलं. त्यांनाही दिसलं. मग त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि म्हणाले, "आजवर माझा होता. पण मी मार्चअखेर शिक्का खाली ठेवतोय, आणि बांधकाम त्यानंतरचं. आता तिची बारी."

ही बातमी आम्हा दोघांनाही नवी होती.

समिती दयाळू होती. मे महिन्याच्या मध्यापर्यंत शिक्का मारलेले नकाशे आणा, ती म्हणाली. कारण जूनमध्ये पाया भरला नाही तर पुढच्या हिवाळ्यात बर्फ नाही, आणि बर्फ नाही तर क्लब नाही. तुम्हाला नाही जमलं, तर मिनियापोलिसच्या एका मोठ्या कंपनीचा तयार आराखडा पडून आहेच. तो आराखडा मी पाहिला होता. तो टायरच्या गोदामासारखा होता. नंतर कळलं, की तो टायरच्या गोदामाचाच होता.

परतताना गाडी हालवरच्या घरापाशी थांबल्यावर त्यांनी मागे वळून माझ्याकडे बोट केलं.

"गॉर्डी, बोललास तू. आता हिचा अभ्यास तूच घ्यायचा."

"मी? मला यातलं ओ की ठो कळत नाही!"

"म्हणूनच," हालवर म्हणाले आणि दार लावून गेले.

*

मार्लिस म्हणजे काय चीज आहे ते इथे सांगायला हवं. सहा फूट उंच, अठ्ठावन्न वर्षांची, जन्माने आणि स्वभावाने फिनिश. म्हणजे वर्षातून एकदा हसते, तेही तोंड फिरवून. तिच्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, मोजपट्टी असते. कुणाच्या घरी जेवायला गेली की आधी दारं उघडून बघते, ती कुठल्या बाजूला उघडतात ते. दार चुकीच्या बाजूला उघडत असेल तर जेवणभर तिचं लक्ष लागत नाही. माझ्या सासूच्या अंत्यविधीला तिने चर्चची पायरी मोजली आणि माझ्या कानात म्हणाली, "अर्धा इंच जास्त आहे. शवपेटी उचलणाऱ्यांना आधी सांगून ठेव." मी सांगितलं नाही. पेटी उचलणारे चौघे त्या पायरीवर अडखळले, आणि माझी सासू अखेरच्या प्रवासातही एकदा दचकून थांबली. आयुष्यभर तिची तीच सवय होती.

मार्लिसने परीक्षा कधीच दिली नव्हती असंही नाही. तरुणपणी एकदा दिली होती. तेव्हा इमारत हातानेच काढावी लागे, एका दिवसात, बारा तास. सेंट पॉलच्या एका मोठ्या हॉलमध्ये शेकडो पोरं आपापला ड्रॉइंग बोर्ड, आपला दिवा आणि आपला जेवणाचा डबा घेऊन बसलेली. मार्लिसला छोट्या गावाचं वाचनालय काढायचं होतं. तिने ते इतकं सुरेख काढलं, की पर्यवेक्षक तिच्या पाठीशी येऊन उभे राहायला लागले. खिडकीतून सकाळचं ऊन कुठे पडेल, मुलांच्या कोपऱ्यात म्हाताऱ्यांना त्रास न होता दंगा कसा करता येईल, सगळं होतं. ती तरंगतच गाडीत बसली. वाटेत हिंक्लीच्या हॉटेलात नवरा रॉयने कॅरमल रोल घेतला. तिने पहिला घास घेतला आणि तो तसाच धरून बसली.

"काय झालं?" रॉयने विचारलं.

"संडास," मार्लिस म्हणाली.

"हॉटेलच्या मागे आहे."

"माझ्या वाचनालयात नाही."

निकाल पत्राने यायला पुढे बरेच महिने लागले, पण मार्लिसला तो हिंक्लीतच लागला होता. मग तीन मुलं झाली, रॉयच्या लोखंडाच्या गोदीवर टाळेबंदी आली, नियम बदलले, पेपर बदलले, आणि परीक्षा मागे राहिली ती राहिलीच. तेव्हापासून मार्लिसने काढलेली प्रत्येक इमारत संडासापासून सुरू होते. आधी संडास, मग भिंती, मग बाकीचं जग. आमच्या भागातल्या शाळा, दवाखाने, अग्निशमन केंद्रं, कुठेही जा, तुमची कधीच गैरसोय होणार नाही.

*

अभ्यास आम्ही क्लबातच सुरू केला. मंगळवारी आमच्या संघाचा सामना असे. मार्लिस झाडू मारायची आणि मी तिच्या बाजूने, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर छापलेले पत्ते हातात घेऊन पळत प्रश्न विचारायचो.

"दोन जिन्यांमध्ये किमान अंतर?"

"इमारतीच्या कर्णाच्या निम्मं! बाजूला हो, दगड येतोय!"

चौकटी, पाणी, वारा, भूकंप, अपंगांसाठीचा उतार... ती झाडू मारता मारता फटाफट उत्तरं द्यायची. आम्ही प्रत्येक सामना हरत होतो. पण कर्लिंगमध्ये जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पहिला ग्लास पाजायचा असतो, त्यामुळे अभ्यासाला कुणाची तक्रार नव्हती. एकामागून एक पाच पेपर तिने असे उडवले की हालवर शिट्टी वाजवत ऑफिसात यायला लागले. शेवटचा पेपर उरला, बांधकामावरच्या देखरेखीचा. त्याची काळजी कुणालाच नव्हती. तीस वर्षं साइटवर काढलेल्या बाईला साइटवरचे प्रश्न!

त्या पेपरात ती नापास झाली.

मीच तिला आणायला गेलो होतो. परीक्षा केंद्र नेल पॉलिशच्या दुकानाच्या आणि व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्तीच्या मधे आहे. आत जाताना खिसे उलटे करून दाखवावे लागतात, चष्माही उलटसुलट तपासतात. मार्लिस बाहेर आली, गाडीत बसली, आणि तिने पट्टा लावला.

"झालं?" मी विचारलं.

"नाही झालं."

तिचा चेहरा तसाच होता, पण नेहमीसारखं तिने माझ्या गाडीचं दार उघडून-लावून तपासलं नाही. म्हणजे दुःख खोलवर गेलेलं होतं.

पुन्हा बसायला दोन महिने थांबावं लागतं. म्हणजे एप्रिलचा मध्य. तिथे चुकलं की टायरचं गोदाम.

पुढच्या मंगळवारी कुठे चुकतंय ते शोधायला मी पत्ते काढले. क्लबातली सगळी टेबलं आमच्याभोवती सरकली. आता ही सगळ्यांचीच परीक्षा होती. बर्फाची निगा राखणारा एव्हरेट पाठीवरची पाण्याची टाकी न उतरवताच उभा राहिला.

मी वाचलं, "साइटवर कामगार काँक्रीटमध्ये नळीने जादा पाणी घालताना दिसला. आर्किटेक्टने काय करावं?"

"नळी हिसकून घ्यायची," मार्लिस म्हणाली.

मी पत्ता उलटला. "चूक."

"चूक कसं? जादा पाणी घातलं की काँक्रीट कमजोर होतं. शेंबड्या पोराला विचार!"

"इमारतीच्या मालकाला आणि कंत्राटदाराला लेखी कळवायचं," मी वाचून दाखवलं. "कामगाराला हुकूम द्यायचा नाही. काम कसं करायचं हा कंत्राटदाराचा प्रश्न."

"आणि मी चिठ्ठी लिहीपर्यंत तो टँकर ओतून मोकळा होईल त्याचं काय?"

"ते इथे लिहिलेलं नाही."

"पुढचा विचार."

"कंत्राटदाराने भिंत नकाशाप्रमाणे बांधलेली नाही..."

"पाडायला सांगायची."

"मालकाला लेखी कळवायचं!" एव्हरेट ओरडला. त्याच्या टाकीतलं पाणी हिंदकळलं. मी पत्ता उलटला. बरोबर होतं.

"तुला कसं कळलं रे?"

"मला काय कळतंय? प्रत्येक वेळी तेच असतं ना!"

त्या संध्याकाळी अख्खा क्लब पास झाला. दुधाच्या गाडीची ड्रायव्हर, निवृत्त दंतवैद्य, बारवरची बाई, सगळे एका सुरात ओरडत होते, "मालकाला लेखी कळवायचं!" आणि मार्लिस प्रत्येक प्रश्नाला नळी हिसकत होती, भिंत पाडत होती, शिडीवर चढत होती. ज्यांनी आयुष्यात साइट पाहिली नाही त्यांना सगळं येत होतं. जिने साइटशिवाय काही पाहिलं नाही तिला एकही येत नव्हतं.

"खोटं उत्तर लिहू मी?" ती शेवटी म्हणाली. "मी तिथे बसते ना, तेव्हा मला तो माणूस दिसतो, नळी धरलेला. तो काँक्रीटचं पाणी करतोय आणि मी चिठ्ठीसाठी मालकाचा पत्ता शोधत बसू?"

हालवर कोपऱ्यात होते. ते म्हणाले, "मार्लिस, मीही तो पेपर पहिल्यांदा नापासच झालो होतो."

"तुम्ही? मग दुसऱ्यांदा काय केलंत?"

"आठवत नाही," हालवर म्हणाले. "साठच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा मी हिसकलेली नळी मात्र आठवते."

*

उपाय सापडला तो मार्चमधल्या एका रविवारी, मार्लिसच्या गॅरेजमध्ये. रॉयने मासे तळायला बोलावलं होतं. सगळे नातेवाईक होते, आणि त्यात मार्लिसच्या बहिणीचा नवरा लीलंड होता. लीलंड विमा कंपनीत आहे. हा माणूस कशालाही हात लावत नाही. घरात नळ गळला तर हा आधी कुटुंबाची बैठक बोलावतो. मार्लिसला तो अजिबात सहन होत नाही. सणाला त्याची खुर्ची ती मुद्दाम दाराच्या वाऱ्यात ठेवते.

रॉय पीठ कालवायला आत गेला. आम्ही गप्पा मारत होतो. लीलंड कढईच्या अगदी शेजारी उभा होता. तेवढ्यात तेलाने पेट घेतला. चांगली हातभर ज्वाळ उठली.

लीलंड दोन पावलं मागे सरला, त्याने घसा साफ केला आणि घराच्या दिशेने शांतपणे म्हणाला, "रॉय, तुझ्या लक्षात आणून देतो, की तुझ्या कढईने पेट घेतलाय."

मार्लिस झाकण घेऊन धावली, तिने ते कढईवर आदळलं, गॅस बंद केला आणि ती लीलंडकडे वळली. "अरे मख्खा! झाकण तुझ्या हाताशी होतं!"

"कढई रॉयची आहे," लीलंड म्हणाला. "मी त्याला कळवलं."

मी खुर्चीतून उठलो. मला जे दिसलं ते मार्लिसलाही दिसलं होतं, कारण ती झाकणावर हात ठेवून तशीच थिजली होती.

"मार्लिस," मी म्हणालो, "हे बरोबर उत्तर आहे."

"माहितीये," ती दात खात म्हणाली.

"पेपरात तू बसायचंच नाही. लीलंडला बसवायचं."

लीलंडला काही कळेना. "कुठे बसायचंय मला?"

"तिथेच बस," मार्लिस म्हणाली. पण तिने त्याची खुर्ची वाऱ्यातून उचलली आणि शेगडीच्या उबेला नेऊन ठेवली. तिच्या बहिणीने हे पाहिलं आणि तिच्या हातातली बटाट्याची कोशिंबीर पडता पडता राहिली.

त्यानंतरचे आठवडे आम्ही एकच गोष्ट केली. मी प्रश्न वाचायचो. मार्लिस तोंड उघडायची, बंद करायची, डोळे मिटायची, खांदे पाडायची, चेहऱ्यावर जगातल्या कुठल्याच गोष्टीशी संबंध नसल्याचे भाव आणायची आणि म्हणायची, "मालकाच्या लक्षात आणून देते." दरवेळी बरोबर. एकदा तर ती इतकी लीलंडसारखी दिसली, की रॉय चहा घेऊन येता येता दारातूनच परत गेला.

एप्रिलमध्ये ती पुन्हा त्या केंद्रात गेली. मी आणि हालवर बाहेर गाडीत बसलो होतो. हालवरनी खिशातल्या खोकल्याच्या सगळ्या गोळ्या संपवल्या, मग माझ्या मागितल्या. गावालगतच्या सरोवरावरून धुकं आलं, गेलं. व्हॅक्यूमवाला दोनदा बाहेर येऊन आमच्याकडे संशयाने बघून गेला.

मार्लिस बाहेर आली. चेहरा जसाच्या तसा. मागच्या सीटवर बसली. पट्टा लावला.

"काय?" हालवर म्हणाले.

"लीलंड पास झाला," मार्लिस म्हणाली. आणि मग तिने माझ्या गाडीचं दार उघडलं, लावलं, परत उघडलं, परत लावलं, आणि म्हणाली, "गॉर्डी, हे घासतंय. बिजागरी बदल." तेव्हा मला खात्री पटली.

हालवर रडत होते. ते म्हणाले, गोळी तिखट आहे. ती चेरीची होती.

*

राज्याचा नंबर यायला काही आठवडे गेले. शिक्का मात्र हालवरनी आधीच बनवायला टाकला होता, नंबराची जागा मोकळी ठेवून. दुकानदाराने त्यांना समजावलं की असं चालत नाही, तर त्यांनी त्याला रोज फोन केला. नंबर आला, शिक्का आला, आणि मेच्या एका दुपारी अख्खा क्लब आमच्या ऑफिसात घुसला. एव्हरेट, दंतवैद्य, बारवरची बाई. मार्लिसच्या बहिणीसोबत लीलंडही आला होता, कोट घालून. तो कोण हे कुणालाच नीट कळलं नसलं तरी सगळ्यांनी त्याच्याशी हात मिळवले.

नकाशांचा गठ्ठा टेबलावर होता. हालवर म्हणाले, "पहिला शिक्का दर्शनी बाजूच्या नकाशावर मार. फोटो चांगला येईल."

मार्लिसने गठ्ठ्यातून पानं उलटली, मधलं एक बाहेर काढलं आणि टेबलावर पसरलं. संडासाचं पान होतं. बायकांचे चार, पुरुषांचे तीन, अपंगांसाठी एक, आणि लहान मुलांसाठी ठेंगणं बेसिन.

ती शिक्का मारणार तोच मी न राहवून म्हणालो, "मंडळी, आमच्या आर्किटेक्ट, मार्लिस लाहती!"

कुणी उठून हरकत घेतली नाही. दाराशी ते टोपीवाले गृहस्थही उभे होते. तेही क्लबाचेच निघाले. ते म्हणाले, "हं. आता चालेल," आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली. शिक्का जरा तिरका उठला. मार्लिस तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली. मला तिचे खांदे हलताना दिसले. वर्षातलं तिचं ते एक हसणं मेमध्येच खर्च झालं.

जूनमध्ये पायाचं काम निघालं. मी आणि आर्किटेक्ट मार्लिस लाहती, दोघं पांढरी हेल्मेटं घालून साइटवर गेलो. ऊन छान होतं, सरोवर निळंशार होतं, आणि कंत्राटदार ड्वेन सावेला लांब कुठेतरी फोनवर होता. काँक्रीटचा टँकर लागला होता. एक पोरगेला कामगार घट्ट काँक्रीट ढकलून कंटाळला, त्याने इकडेतिकडे पाहिलं, नळी उचलली आणि पाणी सोडलं.

मला मार्लिसकडे बघायचीही गरज पडली नाही. ती माझ्या शेजारी नव्हतीच. सहा फुटी बाई सळ्यांवरून उड्या मारत गेली, त्याच्या हातातून नळी हिसकली, तोटी बंद केली आणि नळीचं वेटोळं करून खांद्यावर टाकून परत आली. मागून ड्वेन ओरडत होता, "मार्लिस, अगं ही माझी माणसं आहेत!"

मी म्हणालो, "मार्लिस, काय केलंस हे? मालकाला लेखी कळवायचं असतं ना?"

"तो पेपर मी पास झालेय, गॉर्डी."